जखम भरली, आजार नाही

नमस्कार श्रोतेहो.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांना आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो. हा शब्द मला फार खटकतो. हे आजार आधीच लपण्यात पटाईत, त्यात आपणही ते लपवतो.

सिफिलीसचंच घ्या. जुनी माणसं त्याला गरमी म्हणत. संबंधानंतर साधारण 3 आठवड्यांनी जननेंद्रियावर किंवा तोंडात एक जखम उठते. हाताला कडक लागते, पण बहुधा दुखत नाही. माणूस घरातलं मलम लावतो. काही आठवड्यांत ती आपोआप भरते आणि मलमाला गुण आला असं वाटतं. जंतू मात्र तोवर रक्तात उतरलेले असतात. पुढे तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही विरतं. उपचार झाले नाहीत तर कित्येक वर्षांनी हृदयावर किंवा मेंदूवर घाला पडू शकतो. गरोदरपणात तर हे जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतात. आणि सुरुवातीलाच रक्ततपासणी झाली असती, तर बहुतेकदा पेनिसिलीनचं एक इंजेक्शन पुरलं असतं!

क्लॅमिडिया हा असाच दुसरा आजार, तो तर बहुतेक बायकांना जाणवतही नाही. उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊ शकते आणि अनेकदा मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावरच ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रोज 10 लाखांहून अधिक जणांना लैंगिक संबंधातून पसरणारा, बरा होण्याजोगा संसर्ग होतो.

बरा होण्याजोगा असूनही तो फिरत राहतो, कारण उपचार एकट्याचेच होतात. एकजण गोळ्या पूर्ण करतो, जोडीदाराला काहीच सांगत नाही, आणि महिन्याभरात दुखणं परत. दोष औषधाला दिला जातो. दवाखान्यात कुणी चारित्र्यावर बोललं, तर तो रुग्ण पुन्हा तिथे पाऊल टाकत नाही. असं बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

निरोध नीट आणि दर वेळी वापरला तर मोठं संरक्षण मिळतं. जननेंद्रियावरच्या नागिणीचा (हर्पिसचा) किंवा एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा, असे त्वचेच्या स्पर्शाने पसरणारे विषाणू मात्र त्यातूनही निसटू शकतात. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी (यकृताला होणारा एक विषाणू संसर्ग) यांवर लस आहे, ती वेळेत घ्या.

जोडीदाराला सांगायचं कसं, हा प्रश्न उरतोच. आरोपाचा सूर नको. कोणाकडून आलं, हे अनेकदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. एवढंच म्हणा, “माझ्या तपासणीत संसर्ग निघालाय, औषध सुरू केलंय. उद्या तुझीही तपासणी करून घेऊ, मी सोबत येते.” आणि दोघांचे उपचार संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध टाळा.