शंकेखोर प्रेयसी आणि एका पेनीचे टपाल

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांनी आपली प्रेयसी, कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांच्या शंकांचे निरसन कसे केले, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे आणि ते मी सांगणारही आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार नोंदवू द्यावी. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एक आजारी कवयित्री खोलीत पडून होती, एका तरुण कवीने येऊन आवेशाने प्रेम व्यक्त केले आणि ती उठून त्याच्याबरोबर इटलीला गेली, अशी ही कथा वर्गावर्गांतून सांगितली जाते. आवेश होता खरा, पण तो साफ फसला. १० जानेवारी १८४५ रोजी पत्रव्यवहार सुरू झाला आणि २० मे रोजी पहिली भेट झाली. ते तेहतीस वर्षांचे, त्या एकोणचाळीस. भेटीनंतर लगेच ब्राउनिंगांनी जे उत्कट पत्र लिहिले, त्याला उत्तर आले की हा विषय पुन्हा काढू नये. ब्राउनिंगांनी शब्द फिरवले, पत्र परत मागवले आणि जाळून टाकले. त्यांच्या पावणेसहाशेच्या आसपास असलेल्या पत्रांत तेवढे एकच नाही. (मागच्या रांगेतील तरुण मंडळी हसत आहेत, त्याअर्थी त्यांना जाळण्याचीही गरज पडत नसावी.)

माझे म्हणणे असे की, या प्रेमकथेचे अर्धे श्रेय टपालखात्याला द्यायला हवे. १८४० मध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार इंग्लंडभर एका पेनीत पत्र जाऊ लागले होते आणि लंडनमध्ये दिवसातून अनेकदा वाटप होत असे. सकाळी मनात आलेली शंका संध्याकाळपर्यंत उत्तरासह परत येई. तिला आंबायला वेळच मिळत नसे. आपल्याकडे अर्ध्या आण्याचे तिकीट १८५४ मध्ये आले, पण तेव्हाच्या आपल्या मुलींना पत्र लिहून शंका विचारायची सोय होती कुठे? लग्न आधीच उरकलेले असे.

टपालाच्या या झपाट्याचा उत्तम दाखला म्हणजे फ्लश. एलिझाबेथ यांचा हा लाडका कुत्रा. जुलै १८४६ मध्ये तो ब्राउनिंगांना चावलाही होता. १ सप्टेंबरला, म्हणजे लग्नाला अवघे अकरा दिवस उरले असताना, तो चोरीस गेला. लंडनमध्ये कुत्री पळवून खंडणी उकळणाऱ्यांचा धंदा तेव्हा तेजीत होता. अशा लोकांना पैसे देणे तत्त्वतः चूक आहे, असे लांबलचक पत्र ब्राउनिंगांनी लिहिले. तत्त्व योग्यच होते. वेळ मात्र अगदी चुकीची होती. एलिझाबेथ यांनी उलट विचारले की, उद्या डाकूंनी मलाच पळवून नेले तर तेव्हाही तुम्ही तत्त्वच पाहत बसणार का? विवाहित श्रोत्यांनी क्षणभर स्वतःला त्या जागी कल्पून पाहावे. ब्राउनिंगांनी तातडीने उत्तर धाडले की, तुमच्यासाठी असेल नसेल ते सर्व देईन. तोवर या बाई, ज्यांना जिना उतरणे जड जाई, दासी विल्सनला घेऊन बग्गीतून शोरडिचच्या बदनाम वस्तीत जाऊनही आल्या होत्या. अखेर सहा गिनींवर फ्लश परत आला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, म्हणून मुख्य मुद्दा आता घाईनेच सांगतो.

एलिझाबेथ यांची शंका ब्राउनिंगांच्या प्रेमाबद्दल फारशी नव्हतीच. ती स्वतःबद्दल होती. १८४० मध्ये भाऊ एडवर्ड टॉर्कीजवळ समुद्रात बुडाला आणि आपणच त्याला तिथे थांबवून घेतले म्हणून तो गेला, हे त्यांनी मनाशी धरले होते. आपण ज्याच्यावर प्रेम करू त्याचे नुकसानच होईल, या भीतीवर स्तुती चालत नाही. सप्टेंबर १८४५ मध्ये हिवाळ्यासाठी इटलीतील पिसाला जाण्याचा बेत वडिलांच्या नाराजीमुळे मोडत असताना ब्राउनिंगांनी लिहिले की, आता लग्न झाले तरी मी तुमच्या भावांपैकी एकासारखा राहीन. शनिवारच्या बदल्यात उद्याचा दिवस मिळण्याऐवजी शनिवारही मिळेल, एका तासाचे दोन होतील, आणि तुमचे डोके दुखेल तेव्हा मी जवळ असेन. यानंतर एलिझाबेथ यांचे उत्तर आले की, तुमचे नुकसान करणे सोडून बाकी सर्वार्थाने मी यापुढे तुमची आहे. अट राहिली, पण नकार गेला.

पैशांची शंका, वडिलांचा धाक, प्रकृती, यांवर आणखी वर्षभर पत्रे चालली. ती सगळी येथे सांगता येणार नाहीत. १२ सप्टेंबर १८४६ रोजी सेंट मेरीलबोन चर्चमध्ये गुपचूप लग्न झाले आणि त्या माहेरी परतल्या. पुढचा आठवडाभर ब्राउनिंग त्या घरी फिरकले नाहीत. कारण दारात जाऊन ‘मिस बॅरेट आहेत का’ असे विचारणे त्यांना मंजूर नव्हते. प्रत्येक भेटीची वेळ पत्राच्या पाकिटावर टिपून ठेवायची त्यांची सवय होती. लग्नाच्या नोंदीत पावणेअकरा ते सव्वाअकरा अशी वेळ आणि पुढे एक्क्याण्णव हा भेटीचा क्रमांक आहे.