रेडिओ घेताना आधी रिसीव्हर पाहा

मॉडेल विमानं जमिनीवरून चालवायचे हे तीन ट्रान्समीटर मी मागच्या रांगेपर्यंत फिरवायला देतो. स्टिक हलवून बघा, स्विच दाबून बघा, काही बिघडत नाही. मी मात्र सुरुवात करणार आहे माझ्या हातातल्या या डबीपासून. काड्यापेटीहून लहान, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, बाहेर दोन बारीक तारा. हा रिसीव्हर, विमानात बसतो आणि ट्रान्समीटरच्या आज्ञा ऐकतो. पहिला रेडिओ घ्यायला निघालेला माणूस ट्रान्समीटरची चित्रं तासन्‌तास बघत बसतो आणि या डबीचा विचार शेवटी करतो. माझं सांगणं असं आहे की खरेदीचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

का, ते सांगतो. ट्रान्समीटर एकदा घेतला की दहा-दहा वर्षं चालतो. रिसीव्हर मात्र प्रत्येक विमानात वेगळा लागतो. तुम्ही शिकायचं विमान कराल, ते दोन-चारदा आपटेल, मग एखादं ग्लायडर कराल, मग शेपूट नसलेलं पंखविमान करून बघावंसं वाटेल. हा छंद लागला की विमानांची संख्या वाढतेच. आणि प्रत्येक कंपनीच्या रेडिओची भाषा वेगळी. फुताबाचा एफएएसएसटी रिसीव्हर स्पेक्ट्रमच्या डीएसएमएक्स ट्रान्समीटरला ओळखत नाही. फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए आणखी तिसरीच. एकाच कंपनीतही हाच प्रकार: फ्रस्कायने आधी डी८, मग डी१६ आणली आणि २०१९ साली अॅक्सेस. म्हणजे ट्रान्समीटर घेताना तुम्ही एक भाषा घेता आणि पुढची सगळी विमानं त्याच भाषेत बोलणार असतात. म्हणून कागद घ्या, पुढच्या पाच वर्षांत किती विमानं करावीशी वाटतात ते मनाशी ठरवा, त्या आकड्याने रिसीव्हरच्या किमतीला गुणा आणि मग ट्रान्समीटरची किंमत मिळवा. हा हिशेब केला की पुष्कळदा यादीतला सर्वांत स्वस्त वाटणारा रेडिओ महाग ठरतो आणि मधला स्वस्त.

जुना रेडिओ कोणी फुकट देत असेल तर घ्यावा का, हे मला नेहमी विचारतात. मी ज्या काळात शिकलो त्या काळात विमानांसाठी युरोपात ३५ मेगाहर्ट्झ आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा होता. रेडिओत क्रिस्टल असायचा आणि तुमची फ्रिक्वेन्सी त्याने ठरायची. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की विमानाचा ताबा गेलाच. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा चिमटा. चिमटा तुमच्या हातात आल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, हा नियम. माझं एक विमान, आठ महिन्यांचं काम, नव्या मुलाने चिमटा न घेता स्विच चालू केला म्हणून माझ्या डोळ्यांदेखत शेतात घुसलं. त्याचा राग मी कधी धरला नाही. तो धोका त्या व्यवस्थेतच होता. २००५-०६ च्या सुमारास स्पेक्ट्रमने आणि २००७ साली फुताबाने २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आणले आणि चिमट्याची गरज संपली. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकदा बाइंड केले, म्हणजे त्यांची जोडी जुळवून दिली, की रिसीव्हर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. आजच्या बहुतेक पद्धतींत दोघं मिळून सेकंदाला कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. तेव्हा क्रिस्टलचा सेट प्रेमाने मिळाला तर कपाटात जपून ठेवा, पण शिकण्यासाठी घेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झचा जुना सेट घेत असाल तर एवढं बघा: डीएसएम२ ही जुनी पद्धत सुरुवातीला दोन फ्रिक्वेन्सी निवडून तिथेच बसते, नंतरची डीएसएमएक्स उड्या मारत राहते. घ्यायचाच तर डीएसएमएक्सचा घ्या.

चॅनेल, म्हणजे विमानाला स्वतंत्रपणे देता येणाऱ्या आज्ञा, किती? यावर फार वेळ घालवू नका. थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर, एलिव्हेटर नाक वर-खाली करायला, रडर नाक डावी-उजवीकडे वळवायला, एलेरॉन पंख कलवायला, हे चार. दोन पंखांच्या एलेरॉनला वेगवेगळे सर्व्हो, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी, लावले की पाच, फ्लॅप, म्हणजे उतरताना वापरायच्या पंखाच्या पट्ट्या, आल्या की सहा. सहाच्या खाली जाऊ नका, आठ असतील तर छान. सोळा चॅनेलचा आकडा बघून हरखून जाऊ नका.

मोडचा, म्हणजे कुठल्या स्टिकवर काय असावं याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या हाताला, एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या हाताला. मोड १ मध्ये थ्रॉटल आणि एलिव्हेटर यांची अदलाबदल. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाही, पण एकदा बोटांना सवय लागली की बदलणं फार अवघड. तुम्हाला जो माणूस शिकवणार आहे त्याचा मोड घ्या. शक्यतो रेडिओही त्याच्या जातीचा घ्या, म्हणजे ट्रेनरची जोडणी करता येते: विमान बिनसलं की तो एका स्विचने ताबा स्वतःकडे घेतो. शिकणाऱ्याची जितकी विमानं या एका सोयीने वाचली आहेत, तितकी कुठल्याही महागड्या उपकरणाने वाचलेली मी पाहिली नाहीत.

आता ते फिरणारे तीन ट्रान्समीटर. पहिला फ्लायस्कायचा एफएस-आय६. साधा, सहा चॅनेलचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा. मेनू सोपा, रिसीव्हर स्वस्त, वीस मॉडेलांची आठवण ठेवतो, आणि रिसीव्हरला मिळणारा व्होल्टेज पडद्यावर दाखवतो. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे. दुसरा रेडिओमास्टरचा बॉक्सर, एक्स्प्रेसएलआरएस बसवलेला. एक्स्प्रेसएलआरएस ही मुक्त स्रोत पद्धत आहे. तिची रचना सगळ्यांसाठी खुली असल्यामुळे पुष्कळ कंपन्या तिचे रिसीव्हर बनवतात आणि स्पर्धेमुळे ते स्वस्त राहतात. मघाच्या हिशेबात हा मुद्दा फार वजनदार ठरतो. ट्रान्समीटरच्या आत एजटीएक्स नावाचं सॉफ्टवेअर चालतं, २०२१ साली ओपनटीएक्सपासून वेगळं झालेलं, तेही मुक्त स्रोत. त्यात जवळजवळ काहीही करता येतं, आणि म्हणूनच नवा माणूस त्यात गोंधळतो. तिसरा स्पेक्ट्रमचा, वापरलेला. रिसीव्हर महाग आहेत, पण तुमच्या मैदानावर सगळे हाच वापरत असतील तर मदत हाताशी असते. ती मदत मी किमतीत धरतो.

एक्स्प्रेसएलआरएस घेणाऱ्यांनी दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. ही पद्धत ड्रोनवाल्यांमध्ये वाढली. त्यामुळे तिच्या सर्वांत स्वस्त, नखाएवढ्या रिसीव्हरला सर्व्हो लावायच्या पिनाच नसतात. त्यातून फ्लाइट कंट्रोलरकडे, म्हणजे ड्रोनला तोलणाऱ्या छोट्या संगणकाकडे, जाणारी डेटाची एक जोडणी बाहेर येते, बस. तुम्हाला पीडब्ल्यूएम पिना, म्हणजे सर्व्हो थेट लावता येतील अशा पिना, असलेला रिसीव्हर हवा. दुसरं असं की नेहमीच्या सेटिंगमध्ये पाचव्या चॅनेलला फक्त दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. त्यावर दुसरा एलेरॉन लावला तर तो पंख एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली जाईल. तो सर्व्हो सहाव्यावर किंवा त्यापुढे लावा.

स्वस्त म्हणजे कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही, याबद्दल मला आज सर्वांत जास्त बोलायचं आहे. माझं दोन मीटर पंखांचं ग्लायडर होतं. उतरताना फ्लॅप सोडले की क्षणभर ते माझं ऐकेनासं व्हायचं. एकदा ते झाडावर गेलं. मी रेडिओला दोष दिला आणि महागडा रिसीव्हर बसवला. पुन्हा तेच झालं. तेव्हा कुठे मी विमान टेबलावर ठेवलं, रिसीव्हरला मीटर लावला आणि सगळ्या स्टिक पाच मिनिटं एकसारख्या हलवत राहिलो. पाच व्होल्ट हळूहळू उतरत चारच्या खाली गेले, रिसीव्हर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. दोष विजेत होता. मोटरच्या स्पीड कंट्रोलरमध्ये एक छोटा भाग असतो, बीईसी. तो बॅटरीचा व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला देतो. माझा लिनिअर जातीचा होता. तीन सेलच्या लिपो बॅटरीचे ११ व्होल्ट पाचवर आणायचे तर वरचे सहा तो उष्णता करून टाकतो. दोन अँपिअर ओढले तर १२ वॅट, बोटभर प्लास्टिकच्या आवरणात. सहा सर्व्हो एकदम हलले की तो तापून हात टेकायचा. इतकी उष्णता न करणारा स्विचिंग जातीचा बीईसी लावला आणि जुना, स्वस्त रिसीव्हर परत बसवला. ते ग्लायडर अजून उडतं आहे. म्हणून म्हणतो, ट्रान्समीटर एक पायरी खालचा घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या बीईसीत आणि चांगल्या सर्व्होत घाला. रिसीव्हरचा व्होल्टेज पडद्यावर दिसतो का, हे विकत घेण्याआधी विचारा.

अँटेनाबद्दल थोडं. २.४ गिगाहर्ट्झला रिसीव्हरच्या तारेचं उघडं टोक साधारण ३१ मिलिमीटरचं असतं आणि खरं काम ते टोकच करतं. ते कापू नका, मुडपू नका. दोन तारा असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी नीट ऐकते. बॅटरी आणि कार्बन फायबरपासून दूर ठेवा. कार्बन हे तरंग अडवतो. आणि रिसीव्हरवर छोट्या पल्ल्याचा असल्याचा उल्लेख असेल तर तो घराजवळच्या फोमच्या विमानासाठी, उंच जाणाऱ्या ग्लायडरसाठी नाही.

शेवटची गोष्ट फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं, हे आधी ठरवून द्यावं लागतं. ठरवून दिलं नाही तर काही रिसीव्हर शेवटची आज्ञा धरून बसतात. थ्रॉटल पूर्ण असताना सिग्नल गेला तर मोटर पूर्ण जोरात फिरत राहते आणि विमान कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. सिग्नल गेला की थ्रॉटल बंद, एवढं प्रत्येक विमानात झालंच पाहिजे. नवीन सेट पहिल्यांदा मैदानावर नेला की रेंज चाचणीही करा: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या मोडमध्ये टाका, सूचनापत्रात दिलेल्या अंतरावर चालत जा, बहुधा तीसेक पावलं, आणि सर्व्हो न अडखळता हलतात का ते दुसऱ्याला बघायला सांगा.

ट्रान्समीटर पुढे आले का? आय६ इकडे द्या. टेबलावरच्या विमानाचा प्रोपेलर मी काढून ठेवला आहे. तुम्ही, निळा शर्ट, पुढे या. आधी ट्रान्समीटर चालू करा, मग बॅटरी जोडा. थ्रॉटल अर्ध्यावर न्या. आता ट्रान्समीटर बंद करा आणि सगळ्यांनी मोटरकडे बघा.