थंडी सोसणारे पाम आणि परदेशातील परसबाग

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आणि घरामागे लहानसा का होईना, पण मातीचा तुकडा राखून असलेल्या मराठी मंडळींसाठी आजचे हे भाषण आहे. माड, पोफळ, ताड, शिंदी आणि भेर्लीमाड ज्या कुळातले, त्याच कुळातील, म्हणजे पाम कुळातील, काही झाडे लंडन, बर्मिंगहॅम किंवा लीड्सच्या उघड्या बागेत, काचघराच्या आधाराशिवाय, वर्षानुवर्षे सुखाने वाढतात. एवढे ऐकून माड लावण्याचा बेत मात्र कोणी करू नये. गोठणबिंदूच्या किती तरी आधीच माड मान टाकतो, आणि इथला उन्हाळादेखील त्याला पुरेसा उबदार वाटत नाही.

रोपवाटिकेत गेल्यावर पामच्या लेबलावर पहिल्यांदा नजर जाते ती तापमानाच्या आकड्याकडे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधील बागकामविषयक संस्थेच्या श्रेणीनुसार एच४ म्हणजे उणे पाच ते उणे दहा अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसणारे झाड आणि एच५ म्हणजे उणे दहा ते उणे पंधरापर्यंत टिकणारे झाड. ही श्रेणी उपयोगी आहे, परंतु तिच्यावर सगळी भिस्त ठेवून रोप विकत घेणारे बहुतेक लोक दोन-तीन हिवाळ्यांत निराश होतात, असे माझे मत आहे. उणे दहा अंशांचा कोरडा गारठा एक रात्र सोसणे वेगळे, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत भिजत राहून मध्येच उणे चार अंशांत गोठणे वेगळे. ब्रिटनच्या बऱ्याच भागांत झाडाच्या वाट्याला येते ते दुसऱ्या प्रकारचे दुखणे. त्यात वारा, रोपाचे वय आणि उन्हाळ्यात मिळालेली ऊब यांचा हिशेब मिळवला, म्हणजे लेबलावरचा आकडा किती अपुरा आहे ते ध्यानात येते.

याचे कारण पामच्या घडणीत आहे. आंब्याची किंवा सफरचंदाची फांदी गारठून वाळली, तर खालून दुसरी फुटते. पामच्या एका खोडाला मात्र वाढीचा एकच कोंब असतो, तो शेंड्याच्या गाभ्यात दडलेला असतो, आणि तो मेला की ते खोड मेले. गेंड्या भुंगा किंवा सोंड्या भुंगा शेंड्यात शिरला की उभा माड कसा हातचा जातो, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नकोच. थंड देशात त्या भुंग्याची जागा पाणी घेते. पानांच्या देठांमधून पावसाचे पाणी गाभ्याकडे उतरते, तिथे साचते, रात्री गोठते, दुपारी वितळते. कोवळ्या पेशी फाटतात आणि त्या जखमेत बुरशी शिरते. खोडाची जखम भरून काढणारा पेशींचा थरही पामला नसल्यामुळे एकदा झालेली इजा जन्मभर तशीच राहते. म्हणून पामची निगा म्हणजे मुख्यतः त्या एका कोंबाची निगा.

आता कोणते झाड निवडावे? एकच लावायचे असेल, तर ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी लावावे, ज्याला इथे चुसान पाम किंवा विंडमिल पाम म्हणतात. ताडासारखी पंख्याच्या आकाराची पाने, आणि खोडाभोवती काथ्यासारख्या तपकिरी तंतूंचे दाट वेष्टन, अशी त्याची ओळख सांगता येईल. हे तंतू हाताने उलगडून पाहिले तर ते एकमेकांत गुंतून खरोखरच विणल्यासारखे दिसतात. प्रत्येक पानाच्या देठाचा तळ खोडाला वेढून असतो आणि तो जुना झाला की त्याची अशी जाळी उरते. चीनमध्ये या तंतूंपासून दोर, झाडू आणि शेतकऱ्यांसाठी पावसात अंगावर घ्यायच्या इरल्यासारख्या झुली करीत असत. जर्मन वैद्य फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड याने १८३० मध्ये जपानहून या झाडाचे बी हॉलंडमधील लायडनला पाठवले होते. नंतर स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्युन याला ते चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या चुसान बेटावर दिसले आणि १८४९ मध्ये त्याने काही रोपे लंडनमधील क्यूच्या वनस्पती उद्यानाकडे धाडली. त्यांतले एक आइल ऑफ वाइटवरील ऑस्बर्न हाउस या राजघराण्याच्या निवासस्थानी गेले. हाच फॉर्च्युन त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत चहाची रोपे चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी घेऊन आला, तेव्हा आपल्या कपातल्या चहाशीही या झाडाचे दूरचे नाते आहे.

या झाडाचा एक भाऊबंद तर भारतातलाच आहे. कुमाऊंमध्ये, पिथौरागढजवळच्या थलकेदारच्या डोंगरावर ट्रॅकिकार्पस ताकिल हा पाम ओक वृक्षांच्या जंगलात वाढतो आणि हिवाळ्यात अंगावर बर्फ झेलतो. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या नैसर्गिक वस्त्या आता मोजक्याच आणि विरळ आहेत. बागेसाठी तो उत्तम आहे. मात्र या नावाने विकली जाणारी पुष्कळ रोपे प्रत्यक्षात फॉर्च्युनीचीच निघतात, त्यामुळे केवळ नावासाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी बी कुठून आले आहे याची चौकशी करावी.

बाग समुद्रकाठी किंवा टेकडीवर असेल आणि वारा झोंबत असेल, तर ट्रॅकिकार्पसची मोठी पाने फाटून चिंध्या होतात. अशा जागी वॅग्नेरियानस हा त्याचा लहान, ताठ पानांचा प्रकार घ्यावा. चमेरॉप्स ह्यूमिलिस हा भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील पाम बुंध्यातून अनेक खोडे फोडणारा, काटेरी आणि ठेंगणा आहे. एक खोड गेले तरी उरलेली जगण्याची आशा असते, हा त्याचा मोठा गुण. इटलीतील पाडुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला चमेरॉप्स आजही काचेच्या छताखाली उभा आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागात हा पाम बाहेर टिकतो, परंतु त्याला कोरडी, दगडमिश्रित जमीन आणि भरपूर ऊन हवे. याउलट अमेरिकेच्या आग्नेय भागातील नीडल पामची ख्याती उणे वीस अंश सोसणारा अशी आहे, आणि तरीही ब्रिटनमध्ये तो रडतखडत वाढतो. मूळ प्रदेशात त्याला लांब, घामट उन्हाळा मिळतो, ज्याच्या बळावर तो पाने काढतो आणि हिवाळ्यासाठी शिदोरी साठवतो. इथल्या अठरा-वीस अंशांच्या जुलैमध्ये त्याला वर्षाकाठी एखाददुसरे पान काढणेही जड जाते. थंडी सोसण्याच्या आकड्यात तो पहिला, पण इथल्या बागेत चुसान पामच्या मागे, असा हा प्रकार आहे.

गार्डन सेंटरमध्ये टॉर्बे पाम या नावाने मिळणारे झाड मुळात पाम नव्हे. ते न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन असून शतावरीच्या कुळातले आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्लॉक्टन गावातली प्रसिद्ध झाडे हीच. डिसेंबर २०१० मध्ये मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान उणे ०.७ अंश होते, १८९० नंतरचा तो सर्वांत थंड डिसेंबर ठरला, आणि त्या कडाक्यात देशभर असंख्य कॉर्डिलाइन जमिनीपर्यंत मरून गेली, तर शेजारचे चुसान पाम बहुतांशी सुखरूप राहिले.

लागवडीचा काळ मे महिन्याचा उत्तरार्ध ते जून. पामची मुळे उबदार मातीतच नव्याने फुटतात, म्हणून शरद ऋतूत लावलेले रोप सगळा हिवाळा मुळे न धरता ओल्या मातीत बसून राहते. खड्डा खणल्यावर तो पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. पाणी तसेच असेल तर तिथे झाड लावू नये. लंडनच्या चिकणमातीत हे हमखास घडते. अशा वेळी खड्ड्यात कंपोस्ट आणि वाळू भरण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण त्यामुळे चिकणमातीत एक हौद तयार होतो आणि आजूबाजूचे पाणी त्यात उतरते. त्यापेक्षा वीतभर उंचीचा ऐसपैस उंचवटा करून त्यावर लागवड करावी. कुंडीत जेवढी खोली होती तेवढीच जमिनीत ठेवावी, खोड मातीत गाडू नये, आणि भिंतीपासून दीड-दोन मीटरचे अंतर सोडावे. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत मिळाली तर उत्तम.

वीतभर उंचीची रोपे स्वस्त मिळतात, पण ती एकदम उघड्यावर लावू नयेत. पहिले दोन-तीन हिवाळे ती कुंडीत ठेवून थंड शेडमध्ये किंवा पोर्चमध्ये आणावीत. जमिनीत माती खोलवर ऊब धरून असते, तर कुंडीला चहूबाजूंनी गारठा लागतो आणि मुळे गोठतात. म्हणूनच मोठ्या झाडाचीसुद्धा कुंडी हिवाळ्यात भिंतीला टेकवून, गोणपाटात गुंडाळून ठेवावी.

जमिनीत रुजलेल्या चुसान पामला इंग्लंडमध्ये एरवी कसलेही पांघरूण लागत नाही. कडाक्याचा इशारा मिळाला तर पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधावीत, गाभ्यात कोरडा पेंढा ठेवावा, वरून बागकामाचे पांढरे फ्लीस, म्हणजे हलके, हवा खेळती ठेवणारे कापड, गुंडाळावे आणि थंडी ओसरताच ते सारे काढून टाकावे. प्लास्टिक कधीही वापरू नये, कारण आतून त्याला घाम सुटतो आणि ज्या ओलीपासून झाडाला वाचवायचे तीच ओल आपण आत कोंडतो.

मार्चमध्ये मधल्या न उमललेल्या पानाची सुरळी दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहावी. ती घट्ट असेल तर चिंता नाही. ती सहज हातात आली, तळाशी तपकिरी झालेली असली आणि तिला आंबूस वास येत असला, तर गाभा सडू लागला आहे. सडलेला भाग निघेल तेवढा काढावा, अनुभवी बागाईतदार करतात तसे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड गाभ्यात ओतावे, वर पावसापासून आडोसा करावा आणि झाड उपटण्याची घाई करू नये. कोंब जिवंत असला, तर जुलै-ऑगस्टमध्ये आखूड, कापल्यासारखी दिसणारी पाने वर येतात आणि त्यामागून धड पाने येऊ लागतात.

खत एप्रिल ते ऑगस्ट या काळातच द्यावे आणि त्यात पोटॅश व मॅग्नेशियम असल्याची खात्री करावी. जुनी पाने पिवळी पडली म्हणून कात्री चालवू नये, कारण झाड त्यांतले पोटॅश नव्या पानांकडे ओढून घेत असते. पूर्ण वाळलेली पानेच काढावीत. पहिले दोन उन्हाळे कोरड्या आठवड्यात एकदा भरपूर पाणी द्यावे.

झाड वयात आले की मे-जूनच्या सुमारास पानांच्या बेचक्यातून पिवळ्या मोहोराचे घोस बाहेर पडतात, जे न उमललेले असताना थेट माशाच्या गाबोळीसारखे दिसतात. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि फुलोऱ्यापर्यंत ती ओळखता येत नाहीत. जवळपास नर झाड असेल तर मादीला निळसर-काळी फळे धरतात, आणि पक्ष्यांमार्फत बी दूरवर जाते. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात अशाच बियांतून हा पाम रानात पसरला, स्थानिक झाडांना जड जाऊ लागला, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आली. ब्रिटनमध्ये तशी बंदी नाही. तरीही ज्यांची बाग रानाला लागून आहे, त्यांनी मोहोर गळून हिरवी फळे दिसू लागताच ते घोस देठापासून कापून टाकावेत.