पुराचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी काही अर्थशास्त्राचा माणूस नाही. विम्याच्या क्लेमचे सर्व्हे करत आयुष्य गेलं, जळलेली दुकानं, भिजलेली गोदामं, ओल आलेल्या भिंती, हेच बघितलं, त्यामुळे जे बोलणार ते चिखलात उभं राहून दिसलेलं बोलणार. आणि चिपळूणकरांसमोर पुराविषयी बोलायचं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवण्यासारखं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

२२ जुलै २०२१. पाणी किती होतं हे तुम्हाला मी काय सांगणार. मी पुढच्या आठवड्यात इथे आलो तेव्हा रस्त्यावर गाद्या, फ्रिज, कपाटं, मुलांची दप्तरं, सगळ्याला एकच रंग. मी गेलो होतो दुकानांच्या क्लेमसाठी, कारण दुकानांवर बँकेचं कर्ज असतं आणि बँक स्टॉकचा विमा काढायलाच लावते. त्याच गल्लीत वरच्या अंगाला एक काकू घर धूत होत्या, मला म्हणाल्या, "अहो साहेब, आमचंपण लिहून घ्या ना." त्यांना वाटलं मी पंचनाम्याचा माणूस. आता त्यांना काय सांगणार, की काकू तुमचा विमाच नाही, माझ्या फॉर्मवर तुमच्यासाठी रकाना नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसलाय.

सरकारने दिलं ना, असं लोक म्हणतात. दिलं, नाही कोण म्हणतं. ३ ऑगस्ट २०२१ ला साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आकडा ऐकून छाती फुगते, पण त्यातले ७ हजार कोटी पुढच्या काळात पूर येऊ नये म्हणूनच्या कामांसाठी, ३ हजार कोटी पुनर्बांधणीला, आणि प्रत्यक्ष मदतीला दीड हजार कोटी, तेही सगळ्या पूरग्रस्त जिल्ह्यांत मिळून. कुटुंबाला १० हजार, घर पूर्ण पडलं तर दीड लाख, निम्मं पडलं तर ५० हजार, त्याहून कमी पडझडीला २५ हजार, मग १५ हजार. आणि हे राज्याने हात सैल सोडून दिलेलं होतं बरं का! केंद्राचे २०२२ ते २०२६ चे निकष बघा, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, आणि पक्क्या घराची थोडी पडझड असेल तर साडेसहा हजार. साडेसहा हजारात आज वायरमन घरात येऊन नुसता मान हलवून जातो.

पण रकमेपेक्षा मला खटकतो तो शब्द, "पडझड". आरसीसीचं घर पुरात पडतच नाही हो! चिपळुणात, महाडात, सांगलीत, कोल्हापुरात किती घरं अशी, की भिंती जागच्या जागी आणि आतला संसार शून्य. वायरिंग गेलं, दरवाजे फुगले, फरशीखाली गाळ, मीटर, पंप, फ्रिज, पोरीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं सामान. पंचनाम्यात लिहितात पडझड नाही. तलाठ्याचा त्यात दोष नाही, त्याला फॉर्मच तसा दिलाय. त्यातून घर भाड्याचं असेल तर अजून मजा, भिंती मालकाच्या आणि नुकसान भाडेकरूचं.

दुसरा शब्द "सानुग्रह". सानुग्रह अनुदान. म्हणजे कृपा करून दिलेलं. आपण त्याला बोलताना भरपाई म्हणतो पण ती भरपाई नाही, आणि नियमांचा सगळा हिशोब तोच आहे, तग धरण्यापुरती मदत, नुकसान भरून देणं नव्हे. मग उरलेलं कोण भरतं? बायकांच्या गळ्यातलं गहाण पडतं, पतसंस्थेचं कर्ज, मुंबईतल्या भावाकडून उसने. म्हणजे बिल भरलं जातंच, फक्त ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याच्याच नावावर फाडलं जातं.

मग विमा काढायचा ना, सोप्पंय. हो, आणि खरंच आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आली, म्हणजे आपल्या पुराच्या पावणेचार महिने आधी! पूर, वादळ, दरड, भूकंप, आग, सगळं त्यात आहे. जमिनीची किंमत धरायची नसते, घर पुन्हा बांधायला येईल तो खर्च धरायचा. बांधकामाच्या विम्याबरोबर सामानाला आपोआप २० टक्के संरक्षण, जास्तीत जास्त १० लाख. हप्ता ऐकून लोकांना माझ्यावर विश्वास बसत नाही, साध्या घराला बऱ्याचदा मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी पडतो. तरी माझ्या ओळखीतल्या दहा घरांत एकानेही काढलेला नसतो, आणि होमलोनवाल्यांना वाटतं आपला काढलाय, कागद बघितला तर तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो, घराचा नाहीच.

पण मंडळी, "तुम्ही काढला नाहीत, भोगा" हे मला पटत नाही. तुमच्या घराला परवानगी कोणी दिली? नदीकाठी पूर कुठवर येतो त्याच्या सरकारी पूररेषा असतात, निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळ्याच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लालच्या मधे नियंत्रित. इथे रेषांवरून केवढं रान पेटलं होतं ते आठवत असेल, आणि लोकांचा राग चुकीचा नव्हता, आख्खी जुनी बाजारपेठ रेषेत गेल्यावर माणसाने जायचं कुठे? पण नव्या इमारती? त्यांचे नकाशे पास करताना फी घेतली, मुद्रांक शुल्क घेतलं, दरवर्षी घरपट्टी घेताय. पैसे घेताना नदी दिसली नाही, देताना मात्र दैवी आपत्ती.

अजून एक गोष्ट, जरा वादाची. कोयना धरणाचं पाणी पोफळीला वीज करून कोळकेवाडी धरणामार्गे आपल्या वाशिष्ठी नदीत येतं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बचावत लवादाने पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसी, म्हणजे ६७.५ अब्ज घनफूट, मान्य केलंय. २०२१ चा पूर त्यामुळे वाढला की नाही यावर इथे दोन माणसं जमली की तीन मतं, मी त्यात पडत नाही. पण ती वीज आख्खा महाराष्ट्र वापरतो ना? मग युनिटमागे एखादा पैसा या खोऱ्यातल्या घरांच्या विम्यासाठी काढला तर कोणाचं काय जातंय.

बाहेर लोकांनी काय केलं तेवढं सांगतो. फ्रान्सने १९८२ मध्ये ठरवलं की प्रत्येक घराच्या विम्यावर आपत्तींसाठी सरसकट अधिभार, नदीकाठचा असो की टेकडीवरचा. आधी १२ टक्के होता, २०२५ पासून २० केला, कारण आपत्त्या वाढल्या. ब्रिटनने २०१६ पासून पूरप्रवण घरांसाठी वेगळा निधी केला, विमा कंपन्यांकडून वर्गणी घेऊन, पण एक अट घातली, २००९ नंतर बांधलेली घरं यात नाहीत. ही अट मला फार आवडते. जुन्यांना सांभाळा, पण नदीत नवीन बांधायला बक्षीस देऊ नका.

माझं म्हणणं एवढंच, की घरपट्टीबरोबरच विम्याचे थोडे पैसे घ्या, सगळ्यांकडून, टेकडीवरच्यांकडूनही, कारण भाजी घ्यायला ते याच बाजारात उतरतात. नुकसानीतले पहिले थोडे हजार मालकाने सोसावेत. आणि आजपासून पुढे निळ्या रेषेच्या आत ज्याने परवानगी दिली, त्या घराचं बिल त्या नगरपालिकेच्या नाहीतर त्या खात्याच्या नावावर. नागालँडने राज्यासाठी विमा घेतलाच आहे, पाऊस ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पंचनाम्याची वाट न बघता पैसे. त्यातून राज्याच्या हातात पैसे येतात, घराघरात नाही, पण सुरुवात आहे.

मागून चिठ्ठी आलीय. "घर आजोबांच्या नावावर, वारसांची नावं लागलेली नाहीत, चार काका मुंबईला, पॉलिसी मिळेल का?" हा खरा कोकणचा प्रश्न! बांधकामाच्या पॉलिसीला कागदांवरून खळखळ करतील, तरी वारस म्हणून विचारा, सोडू नका. पण सामानाचा विमा तुम्ही तुमच्या नावावर आजही घेऊ शकता, त्याला घर तुमच्या मालकीचं लागत नाही, भाडेकरूलाही मिळतो. आणि घरी गेलात की सगळ्या वस्तूंचे फोटो काढा, फ्रिजच्या मागचा नंबर दिसेल असे, आणि ते मुंबईच्या काकांना पाठवून ठेवा, त्यांच्या फोनमध्ये पाणी शिरत नाही.