अंतर तेच, वेळ वाऱ्यावर

मंडळी, आपल्या शिवारातली पोरं आता पुण्या-बंगळुरूच्याही पलीकडे गेली. कॅलिफोर्नियातल्या नातवाला आजी विचारते, "किती दूर हाय रे बावा?" तो सांगतो, "सोळा तास." विचारलं अंतर, सांगितली वेळ. आज या दोघांबद्दलच बोलायचं आहे, कारण ती एकमेकांच्या शब्दात राहत नाहीत.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को घ्या. भिंतीवरच्या नकाशात ही वाट आडवी, युरोपवरून जाताना दिसते. आता हा शाळेतला पृथ्वीगोल बघा. दोन शहरांवर दोरा ताणून धरला की तो हिमालय, चीन, सैबेरिया करत थेट आर्क्टिकवर चढतो आणि पलीकडे उतरतो. ही सगळ्यात आखूड वाट, सुमारे १२,४०० किलोमीटर. ताशी ९०० चा वेग धरला तर भागाकार पावणेचौदा तास येतो.

पण विमान दोऱ्यावरून जात नाही. मध्ये तिबेटचं पठार आहे, सरासरी साडेचार किलोमीटर उंच. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तातडीने तीन किलोमीटरच्या आसपास खाली यावं लागतं. तिथे खाली जमीनच वर आलेली! म्हणून विमान कंपन्या ती वाट टाळतात. कधी एखादा देश आपलं आकाशच बंद करतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना केलं तसं. मग फेरा वाढतो.

आता खरी गंमत. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. आपल्याकडे पांदणीने गाव जवळ असतं, पण पावसाळ्यात बंडी फसते आणि डांबरी रस्त्याने फेरा घालून गेलेला आधी पोचतो. तसंच हे.

कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातला फरक हे त्यांचं बळ; पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, झोतही वाढतो. पाठीशी असला तर फायदा, समोरून आला तर घाटा. (याच पश्चिमी वाऱ्यांतून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात अवकाळी पाऊस आणणारे हवेचे भोवरे, येतात आणि बंगालच्या उपसागरावरचं बाष्प त्यांना भेटलं की आपल्या हरभऱ्यावर गारा पडतात. तेव्हा हे वारे तुम्हाला अगदीच अनोळखी नाहीत.) २०१७ च्या सुरुवातीला सगळ्या महिला कर्मचारी असलेलं विमान याच मार्गावर पॅसिफिकवरून गेलं आणि अटलांटिकवरून परत आलं. अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा!

आता घड्याळ. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. पहाटे चारला दिल्लीहून निघालेला माणूस सोळा तास उडूनही तिथे त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरतो. येताना उलटं. पाच तारखेला रात्री आठला निघाला आणि तेवढेच तास लागले, तर दिल्लीत सात तारखेची पहाट उजाडण्याआधी, दीडला. म्हणून नागपूर विमानतळावर गाडी पाठवणाऱ्यांनी निघण्याची नव्हे, पोचण्याची तारीख बघावी. दिल्ली-नागपूरचं विमान त्यानंतरचं.