गाडी गरम असताना सुरू होत नाही, तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

आज अशा एका बिघाडाबद्दल बोलायचंय, जो गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गायब झालेला असतो. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, तासभर छान पळते. मग काही कामासाठी तुम्ही ती थोडा वेळ बंद करता, परत येऊन चावी फिरवता, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. वैतागून तासाभराने पुन्हा चावी फिरवावी, तर लगेच चालू! मेकॅनिककडे नेलीत तर तो चार वेळा बंद-चालू करून दाखवतो आणि म्हणतो, "काहीच प्रॉब्लेम नाहीये." त्याचंही खोटं नसतं. थंड गाडीत तो दोष नसतोच.

मग अंदाजपंचे पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी बॅटरी, मग प्लग, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक पार्ट बदलल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या दोन दिवसांत गाडी तशी तापलेलीच नसते. माझं मत विचाराल तर या बिघाडात नवीन पार्टइतके पैसे दुसऱ्या कशातच वाया जात नाहीत. याचा पुरावा मिळतो तो गाडी अडून बसलेली असते त्याच पंधरा-वीस मिनिटांत. आणि त्या वेळी तिच्याजवळ मेकॅनिक नसतो, तुम्ही असता.

आधी उष्णतेचं गणित समजून घेऊ. इंजिन चालू असतं तेव्हा कूलंट फिरत असतं, पंखा आणि समोरून येणारा वारा बॉनेटखालची हवा हलती ठेवतात. इंजिन बंद केलं की हे सगळं थांबतं, पण इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता कुठे जाणार? ती पसरते आजूबाजूच्या पाइपांत, सेन्सरमध्ये, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये, सेल्फच्या मोटरमध्ये. म्हणून गाडी बंद केल्यावर काही वेळ बॉनेटखालचं तापमान उतरण्याऐवजी चढतं. बंद करून लगेच सेल्फ मारला तर गाडी चालू होते, पंधरा मिनिटांनी होत नाही आणि दीड तासाने पुन्हा होते, याचं कारण हेच. तेव्हा गाडी किती वेळ बंद होती हे घड्याळात बघून ठेवा.

आता कानाचं काम. चावी फिरवल्यावर सेल्फ फिरतो का? "गाडी सुरू होत नाही" या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. सेल्फच फिरत नाही किंवा रडत-रडत फिरतो, तर चौकशी विजेच्या बाजूची. सेल्फ नेहमीसारखा जोमात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर चौकशी निराळी.

सेल्फ मंद फिरत असेल तर हे लक्षात घ्या, की तांब्याचा विद्युत रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे 20 अंशांवरची वायंडिंग, म्हणजे सेल्फमधलं तारेचं वेटोळं, 100 अंशांवर गेली की रोध जवळपास 30 टक्क्यांनी चढतो. धडधाकट सेल्फ हे सोसून नेतो, झिजलेला सेल्फ किंवा थकलेली बॅटरी सोसत नाही. इथे एक सोपी परीक्षा आहे. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, तिची टर्मिनल किंवा सेल्फ स्वतः संशयित. दिवे तसेच लख्ख राहिले आणि साधा "टक्" असा आवाजही आला नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये, म्हणजे रिले, क्लचचा किंवा गिअरचा स्विच, वायरिंग हे बघायचं. मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीवरचा दाब साधारण 9.6 व्होल्टच्या खाली जाता कामा नये. त्याच वेळी इंजिनचा धातू आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात पाव व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब दिसला, तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. नवा सेल्फ बसवून झाल्यावर ही काळी पडलेली पट्टी सापडणं, हे फार वेळा घडतं.

आता दुसरा आजार, सेल्फ झकास फिरतो पण इंजिन गप्प. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतोय आणि नेमका कुठे आहे, हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, सांगतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. तार कुठे तुटायला आली असेल, तर गरम झाल्यावर टोकं सुटतात आणि गार झाल्यावर पुन्हा चिकटतात. सेन्सर गप्प झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. गंमत अशी, की कित्येकदा फॉल्ट कोडही, म्हणजे बिघाडाची खूणही, नोंदला जात नाही, कारण उभ्या इंजिनकडून सिग्नल न येणं यात ईसीयूला वावगं काही दिसत नाही. म्हणून ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या "स्कॅनरवर काही आलं नाही" एवढ्यावर सेन्सरला निर्दोष ठरवू नका. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम किती दिसतो ते बघा. 150-200च्या आसपास आकडा दिसायला हवा. शून्यच दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. हात सुरक्षित पोचत असेल तर फक्त त्या सेन्सरवर ओलं फडकं ठेवून तो गार करायचा. बाकी इंजिन तापलेलंच असताना गाडी सुरू झाली, की चोर सापडला. पाणी मात्र ओतू नका, आणि रेडिएटरचं झाकण तर या सगळ्या भानगडीत अजिबात उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उकळत अंगावर येतं.

आरपीएम दिसतोय, तर नाकाला विचारा. पेट्रोलचा वास येतोय का? बॉनेटखाली पेट्रोल गळताना दिसलं तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा. गळती नाही पण एक्झॉस्टजवळ वास आहे, तर इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा आत जाते. गाडी अडखळत, काळा धूर सोडत सुरू झाली, तर इंजेक्टर गळतोय किंवा कूलंटचा तापमान सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन भाजतंय आणि सेन्सर सांगतोय 20 अंश, मग बिचारा ईसीयू थंड इंजिनसारखं भरपूर पेट्रोल पाजणारच. स्कॅनरवर हे एका नजरेत दिसतं.

वास नसेल तर पेट्रोल पोचतंय का ते बघायचं. चावी नुसती ऑनवर आणली की बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद गुणगुण आवाज येतो. तीन-चार वेळा चावी ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होत असेल, तर बंद केल्यावर लाइनमधला दाब उतरून जातोय. दाब टिकला तर गरम पेट्रोल सहसा उकळत नाही. दाब गेला की पाइपात वाफ होते. टाकी जवळजवळ रिकामी असतानाच हा त्रास होत असेल तर तेही सांगा, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत तर पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीतच उकळून इंजिनमध्ये सांडतं. तिथे ॲक्सिलरेटर पंपासारखा मारत बसू नका, दाबून धरा.

पेट्रोल आहे, वास नाही, दाब आहे, तरी सुरू नाही, तर कॉइल. ती गरम असतानाच ठिणगी तपासायच्या टेस्टरने बघायची. तारेचं टोक हातात धरून ठिणगी बघायचा पराक्रम कुणी करू नये.

एक चकवा सांगतो. काही गाड्या फक्त पेट्रोल भरल्यावर सुरू होत नाहीत. इंजिन त्या वेळी गरमच असतं, म्हणून दोष उष्णतेवर जातो. खरा गुन्हेगार असतो टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, उघडाच अडकलेला.

डिझेलचं तंत्र वेगळं. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून किंवा इंजेक्टरमधून परतीच्या नळीत निसटतं, मग सुरू व्हायला लागणारा दाब तयारच होत नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखालचं डिझेल मिळतं तिथे, प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी मोजपात्रात सोडली, की कोणता इंजेक्टर जास्त गळतोय ते समोर दिसतं. स्टार्टिंग स्प्रे मात्र ग्लो प्लग, म्हणजे इंजिनमध्ये आतून तापणारा प्लग, असलेल्या डिझेलवर मारू नका, आतच भडका उडू शकतो.

हे सगळं टिपून मेकॅनिककडे जाल, तेव्हा गाडी त्यालाच चालवायला द्या. ती नीट तापू दे, मग स्कॅनर आणि इंधनाच्या दाबाचं गेज जोडून पंधरा मिनिटं बंद ठेवायला सांगा. सेल्फ किंवा बॅटरीचं दुखणं असेल तर दोन-चार दिवस थांबलात तरी चालेल, फार तर कुठेतरी अडकून पडाल. क्रँक सेन्सरवर संशय असेल तर थांबू नका. तो आज उभ्या गाडीत दगा देतोय, उद्या भर वेगात देईल. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही.