जिन्याखालची सायकल

(सोसायटीचं पार्किंग. जिन्याखाली धुळीने माखलेली गिअरची सायकल. दोन्ही टायर बसलेले, हँडलला वाळत घातलेलं पोतेरं.)

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, जिन्याखाली अशी एखादी सायकल सापडतेच. पेट्रोल भडकलं की ती बाहेर निघते, पुसली जाते, आठ-पंधरा दिवस चालते आणि पुन्हा जिन्याखाली जाते. शेजारी म्हणतात, उत्साह संपला. पण बिचाऱ्या उत्साहाचा यात फारसा दोष नसतो. दोष असतो सीटच्या उंचीचा, हवेचा, नाहीतर चेनचा.

आधी पेट्रोलचा हिशोब उरकून घेऊ. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं. १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलू लागला. मे २०२१ च्या शेवटी मुंबईत लिटरने शंभरी ओलांडली. पुढे केंद्राने दोनदा उत्पादन शुल्क उतरवलं, जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट पाच रुपयांनी कमी केला, तरी पुण्या-मुंबईतला तीन आकडी दर तीन आकडीच राहिला.

आता कोथरूडहून शिवाजीनगरला जाणारा माणूस घ्या. एका बाजूने सहा किलोमीटर धरा, महिन्याचे पंचवीस दिवस. झाले तीनशे किलोमीटर. कर्वे रस्त्याच्या गर्दीत चारचाकी लिटरला बारा देते. म्हणजे पंचवीस लिटर, शंभरच्या दराने अडीच हजार रुपये. चाळीसचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरला साडेसात लिटर, साडेसातशे रुपये. हायवेला अठरा देणारी गाडी इथे बारावर का येते? सिग्नल तर आहेतच, पण सकाळी इंजिन थंड असतं. ऑइल घट्ट असतं, आणि इंजिन तापेपर्यंत त्याला पेट्रोल जास्त लागतं. ते नीट तापून रुळावर येईतो ऑफिसचं गेट येतं. जवळची फेरी गाडीला सगळ्यात महाग पडते, आणि नेमकी तीच फेरी सायकलला सगळ्यात सोपी. सहा किलोमीटर, पंचवीस ते तीस मिनिटं, तेही घाई न करता.

(सीट क्लॅम्प जवळून. हात लिव्हर सोडतो.)

पहिली चूक सीटची. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, या भीतीपोटी सीट खाली ठेवली जाते. मग गुडघा कायम दुमडलेला राहतो आणि आठवड्याभरात वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायचा. सवयीला दोन दिवस लागतात, जास्त नाही.

दुसरी गोष्ट हवा, आणि इथे गंमत आहे. सायकलवाला हवा भरायला जातो पेट्रोलपंपावरच. तिथला मुलगा चारचाकीच्या सवयीने बत्तीस-पस्तीस पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) थांबतो. सव्वीस इंची, जवळपास दोन इंच रुंद टायरला चाळीस ते पन्नास पीएसआय लागते, सातशे-अडतीसच्या, म्हणजे अडतीस मिलिमीटर रुंद टायरला पंचावन्न ते पासष्ट. टायरच्या बाजूला छापलेला कमाल आकडा ओलांडायचा नाही, हे आलंच. हवा कमी असली की सायकल ओढल्यासारखी चालते, आणि खड्ड्यात रिमच्या कडा ट्यूबला चिमटतात. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर रस्त्यावर खिळा शोधत बसू नका. ते कमी हवेचं काम आहे.

जुन्या काळ्या सायकलीला वेगळी खोड असते. तिच्या व्हॉल्व्हच्या पितळी नळीवर रबराची बोटभर व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली असते. उन्हाने ती चिरते आणि रात्रीतून हवा उतरते. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडा कुठेच नाही. भरलेल्या चाकाच्या व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट ठेवा, फुगा तिथे येतो. व्हॉल्व्ह ट्यूब बदलली की काम झालं.

(पाण्याची परात, त्यात बुडवलेली ट्यूब. बुडबुड्यांची रांग.)

पंक्चर घरी काढता येतं. भोकाभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. चार-पाच मिनिटं. चुकतं ते इथेच. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते घसरतं आणि दुसऱ्या दिवशी सुटतं. बोटाला चिकटत नाही इतकं सुकलं की ठिगळ दाबून बसवा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवा, जपून. बाभळीचा काटा किंवा स्टेपलरची पिन आत राहिली तर त्याच जागी परत पंक्चर.

आता चेन. हिच्याकडे लोक फक्त ती वाजायला लागली की बघतात. मोजायची पद्धत सोपी आहे: स्टीलची फूटपट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. चोविसाव्या कडीची पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती अर्धा सूत पुढे गेली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, की चेन बदलायची. पूर्ण एक सूत गेली तर झिजलेल्या चेनने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दातेही खाल्लेले असतात. मग नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारते, आणि दोन्हींचा खर्च पडतो. गाडीचं जळकं काळं ऑइल चेनला अजिबात नको. त्यात धूळ बसली की कानस तयार होते. प्रत्येक कडीवर एक थेंब ऑइल, पायडल उलटं फिरवून ते मुरू द्या, मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून काढा. पावसाळ्यात भिजल्यावर त्याच संध्याकाळी. सकाळपर्यंत गंज धरतो.

पावसाचंच बोलतोय तर ब्रेक. ओल्या रिमवर ब्रेक रबर आधी पाणी पुसतं आणि मग पकडतं, म्हणून नेहमीपेक्षा बऱ्याच आधीपासून हलका ब्रेक लावत यायचं. रबर रिमवरच बसलंय ना, हे महिन्यातून एकदा बघा. ते वर सरकून टायरला घासत असेल तर टायरची भिंत कापली जाते, आणि असा टायर पंक्चर होत नाही, फुटतो.

(कर्वे रस्ता. सायकल ट्रॅकवर विजेची डीपी, दोन बुलेट, एक वडापावची गाडी.)

रस्त्याबद्दल बोलायलाच हवं. महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तुकड्या-तुकड्यांत ट्रॅकही बांधले. पण पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपतो, आणि धोका असतो तो चौकातच. नुसत्या सरळ पट्ट्यावर ट्रॅक देणं म्हणजे काठावर पोहायला शिकवून ऐन नदीत सोडून येण्यातला प्रकार. तोवर दोन पथ्यं पाळा: उभ्या गाड्यांपासून हातभर नाही, चांगलं मीटरभर अंतर, कारण दार कधीही उघडतं. आणि वळणाऱ्या बसच्या डाव्या कुशीत शिरायचं नाही. तिथला सायकलवाला ड्रायव्हरला दिसतच नाही.

जाताना कोथरूडकराला उतार, येताना चढ. गुडघे कुरकुरत असतील तर मोटरची किट बसवता येते. मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी पंचवीसपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असेल तर नियमाप्रमाणे तिची मोटार वाहनात गणना होत नाही. छत्तीस व्होल्ट, दहा अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी एका चार्जिंगला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज घेते. मात्र पुढच्या चाकात मोटर घालणार असाल तर चिमटा, म्हणजे चाकाचा आस धरणारा पुढचा दुपाखी दांडा, लोखंडी हवा, आणि टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू न देणारी पट्टी, हवीच. अ‍ॅल्युमिनियमच्या चिमट्यात जोर लागताच आस फिरतो, खाच फाकते आणि चाक निसटतं. बॅटरीची वायर कनेक्टरच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळतं, पिनांत शिरत नाही.

(संध्याकाळ. पौड फाट्याचा सिग्नल.)

सिग्नल लाल दिसला की थांबण्याआधीच गिअर हलका करा. चेन फिरत असेल तरच गिअर पडतो, उभ्या सायकलवर नाही. हिरवा लागल्यावर जड गिअरमध्ये डोलत उभ्या राहिलेल्या सायकलवाल्याला मागचा रिक्षावाला काय म्हणतो, ते इथे ऐकवता येणार नाही.